तपकिरी रंगावर जाऊ नका : ‘लार्ज यलो अंडरविंग’ पतंग कसा ओळखावा

तुम्ही इंग्लंडात, नेदरलँड्समध्ये किंवा जर्मनीत राहत असाल आणि ऑगस्टच्या रात्री दिवा लावून स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवलीत, तर एक जाडजूड तपकिरी पतंग आत शिरणार हे जवळजवळ ठरलेलं. तो आधी दिव्यावर आपटतो, मग भिंतीवर, मग थेट कढईच्या दिशेने येतो. बसला की अगदी साधा दिसतो. उडाला की मागच्या पंखांचा हळदी-नारिंगी रंग क्षणभर चमकून जातो. त्याचं इंग्रजी नाव लार्ज यलो अंडरविंग आणि शास्त्रीय नाव नॉक्टुआ प्रोनुबा. लिनियसने १७५८ साली त्याचं वर्णन केलं. जर्मन पुस्तकांत तो ‘हाउसमुटर’ आणि डच यादीत ‘हाउसमूडर’ म्हणून सापडेल. शोधताना ही नावं लागतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पतंग बघायला नव्याने लागलेल्या माणसाने सुरुवात याच्यापासून करावी असं माझं मत आहे. एकतर तो ढिगाने मिळतो. उन्हाळ्यात बागेतल्या प्रकाश-सापळ्यात (दिव्याने पतंग ओढणाऱ्या खोक्यात) बहुतेक वेळा सर्वांत जास्त गर्दी त्याचीच असते. दुसरं म्हणजे एकाच रात्री आलेल्या दहा प्रोनुबांमध्ये दोघांचा रंग सारखा असेलच असं नाही. फिकट मातकट, विटकरी, चॉकलेटी, जवळजवळ काळा असे सगळे एकाच जातीचे. नवखा माणूस त्यांच्या चार-पाच जाती करून मोकळा होतो. रंग बाजूला ठेवून ठरलेल्या खुणा पाहायची सवय लावायला याच्याइतका चांगला पतंग मला दुसरा माहीत नाही.

पतंग मिळवायचा कसा

सापळा विकत घ्यायची घाई करू नका. घराबाहेरच्या भिंतीवर दिवा लावा, त्यामागे पांढरी चादर टांगा आणि अंधार पडल्यावर तासाभराने बघा. छंद पुढे वाढला तर स्किनर किंवा हीथ सापळा घ्या. खोक्यावर दिवा असतो आणि आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवतात. पतंग त्या खळग्यांत रात्र काढतात, सकाळी पाहून त्यांना सोडायचं. १२५ वॅटचा मर्क्युरी व्हेपर दिवा भरपूर पतंग आणतो, पण भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या ओळीत तो लावलात तर आधी शेजारी येतील. अशा ठिकाणी २० वॅटची ॲक्टिनिक नळी (मंद निळसर उजेडाची ट्यूब) पुरते.

दिव्याशिवायही जमतं. काळं ट्रीकल (साखरेचा काळा दाट पाक), ब्राउन शुगर आणि थोडी बिअर एकत्र उकळून झाडाच्या खोडावर संध्याकाळी ब्रशने फासतात. ट्रीकल हाताशी नसेल तर भारतीय दुकानातल्या काकवीवर प्रयोग करून बघायला हरकत नाही. बडलिया या बागेतल्या झुडपाच्या फुलांवरही रात्री टॉर्च मारून बघा.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सापळ्यात गांधीलमाश्या आणि हॉर्नेट बसलेले असतात. पुठ्ठा उचलताना बोटं कुठे जातायत ते आधी बघा.

शांत करा, मग बघा

हा पतंग फार उतावळा आहे. पुठ्ठा हलवला की उडायच्या आधी तो पळतो, अक्षरशः पायांनी धावत जाऊन कोपऱ्यात घुसतो. त्या धावपळीत शेजारच्या नाजूक पतंगांच्या पंखांवरचे खवले (रंगीत भुकटी) निघतात, म्हणून सापळा लावणारे लोक त्याच्यावर थोडे चिडूनच असतात. त्याला पारदर्शक झाकणाच्या छोट्या डबीत घ्या आणि डबी अर्धा-एक तास फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात. थंडीने तो सुस्त होतो, त्याला इजा होत नाही. डबीवर चिठ्ठी लावा. घरातलं दुसरं कोणी लसणाची चटणी समजून उघडायला नको.

बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटं तुमची. राखाडी कागदावर ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि फोटो बरोबर वरून काढा. दिवसाच्या सावलीतल्या उजेडात काढा. फ्लॅशमुळे तपकिरी रंग तांबूस येतो आणि खवल्यांवर खोटी चमक दिसते.

पहिली खूण : लांबी आणि बसण्याची ढब

पंखांचा पसारा पुस्तकात साधारण ५० ते ६० मिलिमीटर दिलेला असतो, पण बसलेल्या पतंगाचा पसारा कसा मोजणार? त्याऐवजी पुढच्या एका पंखाची लांबी मोजा, खांद्यापासून टोकापर्यंत. प्रोनुबाची ती साधारण २१ ते २६ मिलिमीटर भरते.

मग ढब पाहा. पुढचे पंख लांबट आणि अरुंद असतात, त्यांचं टोक बोथट गोलसर. बसताना तो एक पंख दुसऱ्यावर सपाट सरकवतो, त्यामुळे दोन्ही कडा जवळजवळ समांतर दिसतात आणि एकूण आकार लांबुळका होतो. सवय झाली की लांबूनही हा आकार कळतो. पहिल्या हंगामात मात्र त्यावर भिस्त ठेवू नका.

दुसरी खूण : टोकाजवळचा काळा ठिपका

पुढच्या पंखाची जी कड उडताना समोर असते, ती धरून टोकाकडे जा. टोकाच्या अगदी अलीकडे, एक फिकट नागमोडी रेघ जिथे सुरू होते तिथे, छोटी ठसठशीत काळी खूण असते. कधी ती ठिपक्यासारखी, कधी आखूड फराट्यासारखी दिसते. पंख मिटलेले असतानाही ती दिसते. पतंग फिकट असो वा गडद, ती सहसा असतेच. फक्त फार गडद प्रकारात ती पार्श्वभूमीत हरवते, तिथे भिंगाने बघावं लागतं.

पंखाच्या मध्यावर किडनीच्या आकाराचा एक ठिपका आणि त्याच्या अलीकडे, खांद्याच्या बाजूला, एक अंडाकृती ठिपका असतो. या कुळातल्या पुष्कळ पतंगांवर ही जोडी असते. प्रोनुबात किडनीचा ठिपका बऱ्याचदा गडद भरलेला दिसतो, पण जात ठरवायला त्याचा फारसा उपयोग नाही.

तिसरी खूण : मागचा पंख

इथे निकाल लागतो, म्हणून इथे वेळ घालवा.

गार केलेल्या पतंगाचा वरचा पंख चित्रकलेच्या मऊ ब्रशने हलकेच पुढे सरकवा. बोटाने करू नका, खवले निघतात. मागचा पंख दिसला की दोन गोष्टी बघायच्या. पहिली, काठाजवळची काळी पट्टी किती रुंद आहे. प्रोनुबात ती अरुंद असते. तिच्या बाहेर पुन्हा पिवळी किनार आणि झालर, आतला सगळा भाग नारिंगी-पिवळा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : पिवळ्या भागाच्या मध्ये काळी चंद्रकोर आहे का? प्रोनुबात ती नसते. पिवळा भाग कोरा असतो.

पतंग ऐकत नसेल तर त्याला डबीतच थोडा गरम होऊ द्या. उडण्याआधी तो पंख थरथरवतो, तेव्हा व्हिडिओ काढा आणि नंतर एकेक चौकट थांबवून बघा. काचेवर बसलेल्या पतंगाला खालून पाहून मात्र निर्णय देऊ नका. पंखांच्या खालच्या बाजूच्या खुणा वेगळ्या असतात आणि वर सांगितलेला हिशेब तिथे लागू होत नाही.

पिवळा रंग लपवून ठेवण्यामागचं कारण असं मानलं जातं : पक्ष्याने पतंग उठवला की तो पिवळ्या चमकेचा पाठलाग करतो, पतंग गवतात पडून पंख मिटतो, आणि पक्षी जो रंग शोधत असतो तोच नाहीसा होतो. हीच युक्ती विदर्भातल्या संत्रा बागायतदारांच्या ओळखीची आहे. फळातला रस शोषणारा पतंग, युडोसिमा, बसला की वाळलेलं पान वाटतो आणि त्याचेही मागचे पंख नारिंगी-काळे असतात. दोघांचं जवळचं नातं नाही, युक्ती तेवढी एक.

आता रंगांचा गोंधळ

वरच्या तीन खुणा पक्क्या झाल्या की रंगाकडे वळा, आधी नको. माझ्या पाहण्यात नवखे लोक चुकतात ते याच क्रमात. ते आधी रंग बघतात, पुस्तकात त्या रंगाचं चित्र शोधतात आणि जे जुळेल ते नाव देतात.

प्रोनुबाचे रंग ढोबळमानाने असे लागतात. एका टोकाला फिकट, वाळूच्या किंवा आल्याच्या रंगाचे, ज्यांच्यावर नक्षी पुसट असते. यात माद्या जास्त आढळतात. मग येतात सपाट तांबूस-तपकिरी. पंख जवळजवळ एकरंगी, त्यावर किडनीचा ठिपका आणि टोकाजवळची खूण एवढंच उठून दिसतं. या एकरंगी प्रकाराला जुन्या संग्राहकांनी ‘इन्नुबा’ असं नाव दिलं होतं आणि ते अजून पुस्तकांत भेटतं. ती वेगळी जात नव्हे. त्यानंतर मध्यम तपकिरी, राखाडी शिंतोड्यांचे, नक्षीदार. आणि दुसऱ्या टोकाला गडद, कॉफीसारख्या काळपट रंगाचे. यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पुढच्या कडेवर खांद्यापासून फिकट पट्टा ओढलेला असतो आणि मानेवरचे केसही फिकट असतात. हा पतंग दिसायला इतका वेगळा आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीतरी दुर्मीळ सापडलं असंच वाटतं. गडद पतंगांत नर जास्त असतात. पण केवळ रंगावरून नर की मादी हे छातीठोकपणे सांगू नये.

हे फरक वयाचे नाहीत आणि खाण्यापिण्याचेही नाहीत. ते मुख्यतः आनुवंशिक आहेत, एका मादीच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रंगांची भावंडं निघू शकतात. फिकट आणि गडद यांच्यामध्ये कुठेही स्वच्छ रेघ ओढता येत नाही, म्हणून तुमच्या पतंगाचं पुस्तकातल्या एका चित्राशी तंतोतंत जमलं नाही तर घाबरू नका.

एक सराव सुचवतो. एका रात्रीचे सगळे प्रोनुबा एकाच पार्श्वभूमीवर, एकाच उजेडात टिपा आणि फोटो शेजारी शेजारी लावा. आधी रंग बघा, मग टोकाजवळची काळी खूण बघा. एवढ्या पसाऱ्यात तीच कशी जागच्या जागी राहते ते डोळ्यांना पटलं की पुढचं काम हलकं होतं.

भाऊबंद

नॉक्टुआ या प्रजातीत (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) पिवळ्या मागच्या पंखांचे आणखी पतंग आहेत. पश्चिम युरोपात सर्वांत जास्त गल्लत होते ती *नॉक्टुआ कोमेस*शी, म्हणजे लेसर यलो अंडरविंगशी. तो लहान असतो, पुढचा पंख बहुधा २० मिलिमीटरच्या आत-बाहेर, आणि लांबीच्या मानाने रुंद. टोकाजवळची ठसठशीत काळी खूण नसते. मागच्या पंखावर मात्र चंद्रकोर असते. तोही रंग बदलण्यात कमी नाही. स्कॉटलंडात त्याचा ‘कुर्टिसी’ नावाचा गडद महोगनी प्रकार मिळतो. कोमेसला आकारावरून ओळखायचा मोह होतो, पण खुरटलेला प्रोनुबा आणि धष्टपुष्ट कोमेस यांच्यात फार अंतर उरत नाही. चंद्रकोर बघा.

चंद्रकोरही आहे आणि टोकाजवळ काळी खूणही आहे, असं झालं तर? तर तो *नॉक्टुआ ओर्बोना* असू शकतो, लूनर यलो अंडरविंग. इंग्लंडात तो फार थोड्या ठिकाणी उरला आहे. सफोक आणि नॉरफोकमधला ब्रेकलंड हा वाळूचा कोरडा टापू त्यासाठी ओळखला जातो. तुमच्या शहरी बागेत तो सापडला असं वाटलं तर आधी स्वतःवर शंका घ्या, पण फोटो मात्र जपून ठेवा.

*नॉक्टुआ फिम्ब्रिआटा*, म्हणजे ब्रॉड-बॉर्डर्ड यलो अंडरविंग, आकाराने प्रोनुबाएवढाच, पण पुढचे पंख रुंद. मागच्या पंखाची काळी पट्टी इतकी रुंद असते की एकदा पाहिलीत की पुन्हा प्रश्न पडत नाही. नर गडद हिरवट किंवा तपकिरी, माद्या बऱ्याचदा फिकट. मला विचाराल तर सगळ्या गटातला हा सर्वांत देखणा. दक्षिण युरोपात याच्यासारखाच *टिर्रेनिका* आहे, त्यामुळे इटलीत किंवा फ्रान्सच्या दक्षिणेला असाल तर तिथे जपून.

*जांथे* लहान असतो, पंखांवर हिरवट-राखाडी झाक आणि मानेवर फिकट पट्टी. मागच्या पंखाची पट्टी रुंद. त्याचा जुळा भाऊ म्हणावा असा *जांथिना* युरोपच्या मुख्य भूमीवर आहे, इंग्लंडातही आता सापडतो. या दोघांना फोटोवरून वेगळं करणं नवख्याचं काम नाही. *इंटरयेक्टा* सर्वांत छोटा आणि विटकरी.

या प्रजातीबाहेरचे दोन प्रकार लगेच बाजूला काढता येतात. मागच्या पिवळ्या पंखावर एकाऐवजी दोन काळे नागमोडी पट्टे असतील तर तो कॅटोकाला, युरोपच्या दक्षिणेकडे आणि मध्यभागी मिळतो. भर उन्हात मे महिन्यात कुरणावर उडणारा नखाएवढा पतंग म्हणजे स्मॉल यलो अंडरविंग. नाव सारखं, बाकी काही नाही.

झिजलेले पतंग

प्रोनुबा जूनपासून दिसू लागतो, जुलै ते सप्टेंबर भर असतो आणि ऑक्टोबरपर्यंत, थोडेफार नोव्हेंबरातही, येत राहतो. ब्रिटनच्या दक्षिण किनाऱ्यावर बाहेरून उडत आलेल्यांची भर पडते. इतका मोठा हंगाम असल्यामुळे शेवटी शेवटी येणारे पतंग फाटके असतात. खवले निघाले की गडद पतंग फिकट दिसतो, नक्षी जाते, झालर तर राहतच नाही. अशा वेळी पंखाची लांबी आणि मागच्या पंखाची पट्टी यांवरच काम भागवायचं. तेही जमत नसेल तर नोंदीत ‘नॉक्टुआ, जात अनिश्चित’ लिहा. नोंदी तपासणाऱ्यांना चुकीच्या खात्रीपेक्षा ही नोंद जास्त आवडते.

ॲप आणि नोंद

आयनॅचुरलिस्ट किंवा नेदरलँड्स-बेल्जियमकडचं ऑब्सआयडेंटिफाय जरूर वापरा. पंख मिटलेल्या फोटोवर त्यांनी दिलेलं नाव हा अंदाज समजा. विशेषतः प्रोनुबा आणि कोमेस यांच्यात, टोकाजवळचा भाग धूसर असेल तर. उत्तर मान्य करण्याआधी स्वतः ती काळी खूण शोधा.

नोंदीला चार गोष्टी लागतात : काय, कुठे, केव्हा, कोणी. ब्रिटनमध्ये प्रत्येक काउंटीला पतंगांच्या नोंदी पाहणारा स्वयंसेवक असतो, आणि आयरेकॉर्ड या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेली नोंद अशाच तपासनिसांकडे जाते. ‘इतका सामान्य पतंग, काय नोंदवायचा’ असं वाटून सोडू नका. संख्या वाढतेय की घटतेय हे सामान्य जातींच्या वर्षानुवर्षांच्या मोजणीतूनच कळतं.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्यांनाही हा लेख उपयोगी पडेल. १९७९ साली प्रोनुबा नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्सला सापडला आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत खंड ओलांडून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पोचला. तिकडे शेतकरी त्याच्या अळीला ‘विंटर कटवर्म’ म्हणतात. पश्चिम कॅनडात कोमेसही पोचलेला आहे, त्यामुळे चंद्रकोर तिथेही तपासा.

अळी पाळून पाहायची असेल तर

मादी शेकड्यांनी अंडी घालते, तीही एकमेकांना चिकटवून नीट रांगांत. जागा निवडण्यात तिची काही खास आवड नाही. पानाची मागची बाजू चालते, तशीच कपडे वाळत घालायची दोरीही चालते. दोरीवर असा थर सापडला तर त्यातला छोटासा तुकडा घ्या, सगळा नको. अळ्या हिरव्या किंवा तपकिरी असतात. मोठ्या झाल्या की पाठीवर काळ्या आखूड रेघांच्या दोन ओळी दिसतात, मागच्या टोकाकडे जास्त ठळक. डँडेलियन, डॉक, गवत, कोबी, जवळजवळ काहीही खातात, म्हणून भाजीच्या वाफ्याजवळ सोडू नका.

डबीत चार-पाच सेंटिमीटर ओलसर माती लागते, कोष त्या मातीत होतो. आणि डबी घरात ठेवू नका. बाहेर या अळ्या हिवाळा सावकाश खात-थांबत काढतात, पण गरम खोलीत त्या भराभर वाढतात आणि ऐन डिसेंबर-जानेवारीत पतंग बाहेर येतो, जेव्हा त्याला सोडायला बाहेर ना फूल असतं ना ऊब. शेडमध्ये किंवा पाऊस न लागणाऱ्या बाहेरच्या कोपऱ्यात ठेवा, झाकणाला जाळी लावा. जूनच्या आसपास पतंग निघतील. पंख पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका, मग एकाच अंड्यांच्या थरातून किती रंग निघाले ते मांडून बघा आणि संध्याकाळी दाट झुडपात सोडा. मोकळ्या हिरवळीवर सोडलेत तर रॉबिन पक्षी टपलेलाच असतो.